देवमासा चालत आला

नेइआफू, वावाऊ
मंगळवार, दुपार

आदरणीय सोसेफो मामा यांस,

भाचा फिनाऊ याचा मनापासून नमस्कार. तुम्ही, मामी आणि तुमचा गुडघा तिघेही ठीक असाल अशी आशा आहे. इकडे आई खुशाल आहे, डुकरं खुशाल आहेत, छप्पर तेवढं गळतं. फाकामेच्या रविवारी, म्हणजे मुलांच्या सणाला, तुम्ही ऑकलंडहून येणार हे कळल्यापासून घरात आनंद आहे. (आनंदाबद्दल जास्त ताज्या कलमात.)

झालं असं की लावीनिया आत्यांनी चर्चच्या गाण्याच्या तालमीत सगळ्यांदेखत जाहीर केलं : यंदा मुलं योनाची गोष्ट म्हणतील तेव्हा मागच्या भिंतीवर देवमासा योनाला गिळताना दिसेल, आणि तो फिनाऊ करील. मी म्हटलं, आत्या, मला ॲनिमेशन येत नाही. त्या म्हणाल्या, "होडीतून पाहुण्यांना देवमासे दाखवतोस ना? मग भिंतीवर दाखवायला काय धाड भरली?" वडिलांच्या थोरल्या बहिणीला नाही म्हणणारा माणूस या बेटावर जन्मलेला नाही (जन्मला असलाच तर तो ऑकलंडला निघून गेला). आता जमलं नाही तर पांढऱ्या कपड्यांतली सगळी मुलं कोऱ्या भिंतीपुढे उभी राहणार, आणि त्या कोऱ्या भिंतीला जन्मभर माझं नाव चिकटणार.

मी व्हिडिओवरून शिकायला बसलो. शिकवणारा पोरगा हसरा आहे, पण त्याचा हात डोळ्यांच्या पुढे धावतो. "हे इथे दाबलं की झालं" असं म्हणतो तेव्हा इथे म्हणजे कुठे हे पाहीपर्यंत त्याचं तिसरंच काहीतरी झालेलं असतं. मागे जावं तर तो पुन्हा पहिल्यापासून स्वागत करतो. (त्याच्याकडून माझं इतकं स्वागत झालं आहे की आता त्याला एकदाही जेवायला न बोलावल्याची मलाच लाज वाटते.) बहीण लुसिआने म्हणाली, असं काही शिकतात का? लिहिलेलं वाचावं, सावकाश. तिने शाळेतून धड्याची छापील पानं आणली. भाषा स्वच्छ, पण प्रत्येक पायरीला "चित्रात दाखवल्याप्रमाणे" असं म्हटलेलं, आणि शाळेच्या यंत्राने प्रत्येक चित्र काळंकुट्ट छापलेलं. त्यात माझा व्हिडिओ माणूस कसा चालवावा याचा, आणि तिची पानं मासा कसा पोहवावा याची. आम्ही वाटणी केली. योना माझ्याकडे, देवमासा तिच्याकडे.

तुमच्याकडे म्हणे आता भाऊबहीण एकाच सोफ्यावर बसून सिनेमे बघतात. इथे अजून बहीण दारात आली की भाऊ पडद्यासमोरून उठतो. आमच्यात लॅपटॉप एकच. ती आली की मी अंगणात, मी आलो की ती स्वयंपाकघरात, आणि आमचे निरोप आईकडून. लुसिआनेने सांगावं की शेपटीच्या हाडांची साखळी करायची, आणि आईने बाहेर येऊन मला सांगावं, "ती म्हणते, हाडं नीट कर." कोणाची, ते आईलाही ठाऊक नसे.

व्हिडिओतला पोरगा म्हणाला, खऱ्या माणसाचं चालणं समोर ठेवा. माझ्या फोनमध्ये एकच चालणं निघालं : गेल्या नाताळात तुम्ही धक्क्यावर उतरलात ते. पोट पुढे, हात मागे, आणि मधूनमधून थांबून धक्का आपणच बांधून घेतल्यासारखी पाहणी. मी तेच जसंच्या तसं उतरवलं. योनावर खूण केली, आता बटण दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि लुसिआने दारात. मी अंगणात. ती बसली, पानात पाहिलं, आणि आपलं पोहणं लावून मोकळी झाली. खूण माझ्या योनावरच होती. मग तिने देवमाशावर खूण केली, तोच आईने तिला अळूच्या पानांत शिजवलेलं लू वाढायला हाक मारली. मी आत गेलो आणि चालणं लावलं. शेवटी सगळं एकदा चालवून पाहावं असं व्हिडिओतही होतं आणि पानांतही, पण शेवटापर्यंत आमच्यातलं कोणीच पोचलं नव्हतं.

काल आत्या बघायला आल्या. मी प्रोजेक्टरपाशी, लुसिआने खिडकीबाहेर पाठ करून. भिंतीवर योना लाटांत शेपटी नसलेल्या माशासारखा वळवळत होता. मग वाळूवरून, पुढच्या दोन परांवर, पोट पुढे काढून देवमासा चालत आला. थांबला. समुद्राची पाहणी केली. पुन्हा निघाला.

"परत लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. "अरे, हा तर सोसेफो!"

आणि मामा, आत्या हसल्या. आतोबा गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. खुर्चीचे हात धरून हसल्या, डोळे पुसले, पुन्हा लावायला सांगितलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत दुरुस्त करतो. "हात लावशील तर खबरदार," त्या म्हणाल्या. "हाच दाखवायचा."

तेव्हा बघून शिकावं की वाचून, हे मला अजून कळलेलं नाही. मी काय शिकलो तेही कळलेलं नाही. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
फिनाऊ

ता. क. आईचं म्हणणं, तुमची परवानगी घ्यावी. मामाच्या घरातलं हवं ते उचलायचा आमच्याकडे भाच्याला हक्क आहे, आणि तुमची छत्री, वल्ही, शिवाय माजलेलं डुक्कर नेलं तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. चालण्याची ढब आजवर कोणी मागितली नसेल. मी ती घेतली आहे.

आणखी ता. क. तिकीट काढलं नसेल तर यंदा राहू द्या, असं सुचवणार होतो. पण मुलांनी काल तालमीत देवमासा पाहिला, आणि तो बोटीने येतोय हे त्यांना आत्यांनीच सांगितलं. शनिवारी सगळी धक्क्यावर येऊन उभी राहणार आहेत. तेव्हा याच. उतरताना फक्त घाई करू नका.