घरचा नमुना

अहो अध्यक्षसाहेब,

काल कॉलनीच्या सभेत छाती ठोकून म्हणालात, "पाणी क्षाराचं आहे म्हणे! माझ्याच घरचा नमुना तपासा." आपल्या टाकीखाली फिल्टर बसवलाय, हे मात्र सोयीस्कर गिळलंत. शेजारच्या वहिनी तान्ह्या पोरीची लालबुंद पाठ दाखवत होत्या, तर त्यांना काय सांगितलंत? साबण बदला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लंबरला बोलावून फिल्टर काढलाय आणि वहिनींकडे बसवून घेतेय. पोरीची अंघोळ उरकल्याशिवाय मी घरी परत येणार नाही.

पाणी तपासणारा माणूस उद्या सकाळीच येतोय. द्या आता खुशाल घरचा नमुना. आणि तुमच्या अंघोळीला फेस आला नाही, तर साबण बदला.