दगडावरची गाडी

१९ एप्रिल

माझ्या थोबाडीत मारली! पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या, बायकोसमोर, वर्षालीसमोर!

जितूदादा काल मुंबईहून आला. आज चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "अँबॅसॅडर इकलंय. तारकर्लेचो हॉटेलवालो सोमवारी न्हेतलो." मी म्हटलं, बापूस जितो आसा अजून, गाडी भाईंची, तू कोण इकणारो? तर फाडकन् दिली. वर्षालीच्या हातातून तवा पडला.

मीही सोडला नाही. कॉलर धरून पडवीच्या खांबावर आपटला. ओठ फुटला त्याचा. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू!

भाई, आमचे वडील, बघत होते. अर्धांगानं वाचा गेली, उजवा हात तेवढा चालतो.

२० एप्रिल

बावीस वर्षं भाईंनी ही गाडी मिठबाव ते वैभववाडी स्टेशन भाड्यानं मारली. अजून रोज संध्याकाळी मी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवतो. अर्धा तास. तेवढ्यात तोंडावर कळा येते त्यांच्या. आणि हा ती हॉटेलच्या दारात उभी करणार, लोक बॉनेटवर बसून फोटो काढणार!

दुपारी जेवताना परत जुंपली. "गंजान पडली तरी चलात, माका देवची नाय, होय मा?" म्हणाला. मी ताट भिरकावलं. कपाळाला लागलं त्याच्या. आमटी आणि रक्त एकच झालं. वर्षाली मधे पडली नसती तर कोयतीच उचलली असती मी.

शिरा पडो त्या हॉटेलार!

२१ एप्रिल

केलं!

दादा देवगडला सासुरवाडीला गेला आणि मी गाडीखाली शिरलो. प्रॉपेलर शाफ्टच काढला — गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा दांडा. आता इंजिन कितीही बोंबलू दे, गिअर पडू दे — चाक फिरणार नाही. ने म्हणावं!

भाईंचा नियम — खूण केल्याबिगर नट सोडूचो नाय. शाफ्ट आणि मागच्या चाकांमधलं डिफरन्शियल जुळतात तिथे दोन्हीकडे छिन्नीनं खूण मारली. नाहीतर बसवताना फिरून बसतो आणि गाडी हादरे मारते. चार नट. तिसरा हलेना. पान्यावर लाथ घातली, सुटला, बोटांची सालं गेली. शाफ्ट मागे ओढून गिअरबॉक्समधून उपसला तर ऑइल तोंडावर! भोकात फडकं कोंबलं. शाफ्ट गवताच्या उडवीत पुरला.

एकच आहे. हँडब्रेकची तार तुटून दहा वर्षं झाली. आमच्या खळ्याच्या, घरापुढच्या उतारावर गाडी थांबते ती गिअरवर आणि चाकापुढच्या जांभ्याच्या दगडावर. शाफ्ट नाही म्हणजे गिअरचा उपयोग शून्य. सगळा भार त्या एका दगडावर. वर्षालीला ताकीद दिली, दगडाला हात लावायचा नाही.

दादाला कशाला सांगू?

२२ एप्रिल

भाई गेले.

२३ एप्रिल

लिहायलाच हवं.

हॉटेलवाला दुपारी येणार होता. दादानं सकाळी भाईंना स्वतः उचललं, पुढच्या सीटवर बसवलं. "भाईंक एक फेरी मारून हाडतंय, मगे देतंय," म्हणाला. मी पडवीत बसून हसत होतो. गाडी जागची हलणार नाही, मग दादाचं थोबाड कसं होतं ते बघायचं होतं मला.

आमच्या घरची रीत — आधी गिअर टाकायचा, मग दगड काढायचा, मग सेल्फ मारायचा. दादानं तसंच केलं. तो चाकाशी वाकला तेव्हा मला आठवलं! ओरडलो. दगड निघाला होता.

दार धरून फरफटत गेला तो. पायाचं मांस निघालं, तरी सोडलं नाही. गाडी घाटीवरून सुटली, खालच्या दगडी गडग्यावर आदळली. भाईंचं डोकं काचेतून बाहेर. चालता हात स्टिअरिंगवर.

मी दादाला तुडवला. तिथेच, रक्तात. "बापाशीक मारलंस मेल्या!" — हे मी ओरडलो. मी! माणसांनी सोडवला.

पोलिसांना सांगितलं, दगड ह्यानंच काढला. नेलं त्याला. थोरला असून तो तिकडे, आणि अग्नी मी दिला.

आज पंचनाम्याचे लोक यायच्या आधी, झुंजूमुंजू होताच, उडवीतून शाफ्ट काढला. गाडीचं बूड वर उचललेलं, आत शिरायला जागाच जागा. फडकं ओढलं, शाफ्ट सरकवला, खूण जुळवली, चार नट आवळले. दहा मिनिटांत. एवढं सोपं आयुष्यात गेलं नव्हतं.

कोणी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

२५ एप्रिल

वर्षाली बोलत नाही. वाढते आणि जाते. तिला ठाऊक आहे.

२७ एप्रिल

दादाला भेटायला दिलं. पाय बांधलेला. माझ्या लाथांनी डोळा अजून काळा. म्हणाला, "दिपू, गिअरात घातलंय रे मी. माझ्या ह्या हातान. मगेच दगड काढलंय. मगे गेली कशी?"

सांगितलं. उडवी, नट, हसत बसलो ते, सगळं. म्हटलं, मार. गजांतून तोंड पुढे केलं.

त्यानं विचारलं, "बसयताना खूण जुळवलंस? भाईंच्या नियमान?"

"जुळवलंय."

मान डोलावली त्यानं. मारलं नाही.