एक चित्र, तीन शेड

३ नोव्हेंबर, सोमवार
हंसा मॅडमचं फर्मान: सेफ्टीच्या कॅमेऱ्याचं चित्र कारखान्याच्या तिन्ही शेडच्या टीव्हींवर एकाच वेळी दिसलं पाहिजे. तोवर रजा नाही, रविवारचीही नाही. रविवारी अकराला मासवणला माझा साखरपुडा. म्हणजे हातात अख्खे सहा दिवस, आणि काम दोन तासांचं. मल्टिकास्ट म्हणजे काय, चित्र एकदाच सोडायचं, ज्याला हवं तो उचलेल. सगळ्या केबली ज्या खोक्यात येतात त्या स्विचच्या ठरावीक पोर्टांवर राउटिंग चालू केलं की झालं. अख्ख्या बोईसरमध्ये हे मलाच येतं. होणाऱ्या बायकोला, रिद्धीला सांगितलंय, मी नेटवर्क हेड आहे. डिपार्टमेंटमध्ये मी एकटाच, तेव्हा खोटं काही नाही.

४ नोव्हेंबर
मूड नव्हता. त्याऐवजी सर्व्हर रूमची कडी काढून कार्डाचं लॉक बसवलं. लॉकची वीजही स्विचमधूनच. आतून बाहेर पडायलासुद्धा कार्ड! वॉचमन नागोराव म्हणाले, साहेब, एखादी किल्ली तरी राहू द्या की. किल्ली म्हणजे मागासलेपणा. समजावून सांगितलं.

६ नोव्हेंबर
शेड एक, दोन जमलं. तीनमध्ये अंधार. दोष केबलचा. मॅडमना आईने वाळवलेले बोंबील नेऊन दिले, रजेचं बघा म्हटलं. मॅडम शाकाहारी निघाल्या. केबिनमध्ये अजून वास आहे.
गावी पामला, घरी आई म्हणाली, तू नाय आलास तर आमी मासवणला काय तोंड दाखवायचा? म्हटलं, आई, नेटवर्क कोण बघतंय?

८ नोव्हेंबर
मॅन्युअल उघडलं. पान चारवर डोळा लागला, पण उठल्यावर सुचलं. एकेक पोर्ट कशाला? सगळ्यांवर एकदम! संकल्प: उद्या सकाळी सात. पाच मिनिटं.

९ नोव्हेंबर, स. ७.१०
शेरवानीतच आलो. दार लावलं. टेस्टसाठी कॅमेरा समोरच ठेवला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पोर्टांवर चालू.

७.२०
आलं! नागोरावांनी फिरून पाहिलं, तिन्ही शेडमध्ये मी दिसतोय. शेरवानी उठून दिसते म्हणे.

७.३०
दार उघडत नाही. चित्र लॉकच्याही अंगावर गेलंय, बिचारं गुदमरलं. लॅपटॉपही स्विचशी बोलेना. नागोराव बाहेरून ओरडले, स्विचचा प्लगच काढा की, वीज गेली की लॉक सुटेल! यांना काय कळतंय? सेटिंग सेव्ह कुठे केलंय? प्लग काढला की सहा दिवस पाण्यात. मॅडम नऊला येणार. दाखवतो नि निघतो.

१०.४०
मॅडमचा पत्ता नाही. आईचे अकरा फोन. बाराव्यांदा नुसती रडली. पाठीवर घामाने शेरवानी चिकटलीय. इथे लिहायला हरकत नाही, भीती वाटतेय.

११.१५
रिद्धीचा फोन. म्हटलं, रिक्षात आहे, मासवण आलंच. ती शांतपणे म्हणाली, रिक्षात एवढ्या वायरी असतात होय? तिच्या कमलाकांत मामांना आज रजा मिळाली नव्हती. ते आमच्याच शेड तीनमध्ये कामाला. टीव्हीचं शूटिंग करून तिला मांडवात पाठवलंय. मी दारावर लाथा मारतोय ते स्पष्ट दिसतंय. फोन ठेवला तिने.

११.१७
प्लग उपटला. दार टक्‌कन उघडलं. तिन्ही टीव्ही काळे.
दारात मॅडम.

१० नोव्हेंबर, सोमवार
आईला घेऊन मासवणला माफी मागायला जायचंय. रजा मागितली. मॅडम म्हणाल्या, स्विचला आता हात लावायचा नाही; चित्र आलं होतं याचा पुरावा दाखवा, लगेच सही करते. नागोराव साक्षीला तयार होते, पण मॅडमना व्हिडिओच हवा. कमलाकांत मामांनी त्यांच्याकडचा डिलीट केलाय, बघून लाज वाटते म्हणाले.
आता तो एकट्या रिद्धीकडे आहे. आणि तिने मला ब्लॉक केलंय.