बाबांचं लाल खोपटं

आल्डर लेक
११ जानेवारी १९९८

ती. व्हर्नाताईस,
डेलचा शि. सा. न. वि. वि.

ताई, आधी तोंड गोड कर. राज्याने निधी मंजूर केला! बर्फावरच्या मासेमारीची राष्ट्रीय स्पर्धा यंदा आपल्या तळ्यावर. पर्यटन समितीचा अध्यक्ष म्हणून मी राजधानीला किती हेलपाटे घातले ते माझ्या गाडीला विचार. कागदगिरणी बंद पडल्यापासून गाव इतकं हसलेलं मी पाहिलं नव्हतं. मोटेल आत्ताच भरलंय. तुझ्या कर्टिसलाही काम दिलंय, गाड्या उभ्या करायला ट्रकने तळ्यावरचं हिम ढकलायचं. अट एकच, स्पर्धा सात फेब्रुवारीलाच व्हायला हवी. नाहीतर निधीही गेला आणि स्पर्धाही.

गोची एवढीच की हिवाळा अगदीच फुसका निघालाय, तळं अजून धड गोठलेलं नाही. बाबांनी आपलं लाल खोपटं ओढत तळ्यावर नेल्याशिवाय इथे कोणी बर्फावर गाडी घालत नाही, हे तुला ठाऊकच. ते मासे धरायला बसले की मगच गाव बसतं. आता ते पडले तुझ्याकडे, कंबरेचं हाड मोडून. जरा विचार ना त्यांना, खोपटं कधी न्यायचं? तुझी आठवण रोज येते, तूही काढत जा.

तुझा,
डेल

•

डुलुथ
१७ जानेवारी

चि. डेल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबा काठी घेऊन चालतात. व्यायाम करून घेणाऱ्या पोरीला नॉर्वेजियनमधून शिव्या घालतात आणि ती गोड हसते, तिला काय कळतंय! लेफ्सा, ती आपली बटाट्याची पोळी, मात्र लोणी थापून चापतात.

तुझं पत्र वाचून दाखवलं. जेवण अर्धं टाकून त्यांनी एकच विचारलं, की ओढा तळ्याला मिळतो तिथलं पाणी अजून काळं, न गोठलेलं, दिसतं का. दिसत असेल तर खोपटं हलवायचं नाही, खुद्द गव्हर्नर येऊन पाया पडले तरी. त्याचं उत्तर स्पष्ट लिही, गोलमाल नको. तू लहानपणापासून अर्धं ऐकून पळत सुटणारा. आणि कर्टिस माझा एकुलता एक आहे रे, हे मी मस्करीत लिहीत नाही.

आम्हा दोघांचा जीव तुमच्यात आहे, जपा.

तुझी ताई

•

आल्डर लेक
३१ जानेवारी

ती. आईस,
कर्टिसचा सा. न.

आई, आजोबांना सांग, त्यांचं खोपटं मंगळवारी मानाने तळ्यावर गेलं! डेलमामाने खानावळीत उठून सांगितलं, की बाबांचा फोन आला, न्या म्हणाले. अख्ख्या खानावळीने टाळ्या वाजवल्या आणि कॉफी थंड व्हायच्या आत सगळे ट्रक बर्फावर. राज्याकडून एक बाई बघायला आल्या होत्या. आदल्या आठवड्यात रिकामं तळं पाहून त्यांचं तोंड पडलं होतं, आता खूश होऊन गेल्या.

काल माझ्या चाकांच्या चरांत पाणी साचलं होतं. मामाला विचारलं, तर म्हणाला, तुला तुझ्या आजोबापेक्षा जास्त कळतं का? सगळे हसले, मीही हसलो. आजोबांनी हो म्हटलंय म्हणजे झालंच.

काळजी करू नकोस असं लिहिलं तरी तू करणारच, म्हणून लिहीत नाही.

तुझा,
कर्टिस

•

डुलुथ
५ फेब्रुवारी

डेल,

आशीर्वाद लिहायला बसले होते, जमत नाही. बाबांनी तुला कधी फोन केला? इथला फोन माझ्या स्वयंपाकघरात आहे. ओढ्याचं उत्तर तू का दिलं नाहीस, ते काल कर्टिसचं पत्र वाचून कळलं.

तू फोन उचलत नाहीस. काल रात्री बाबाच कर्टिसशी बोलले. पोर म्हणालं, आता तोंडाने सांगून कोणी ऐकणार नाही, खोपटं उभं आहे तोवर कोणी तळ्यावरून हलणार नाही. मी त्याला शपथ घातली आहे की त्याने बर्फावर पाऊल टाकायचं नाही. ते काम तुझं आहे. खोपटं काठावर आण. लाज वाटत असेल तर अंधारात आण, पण आण.

बाबा खिडकीशी बसून आहेत.

व्हर्ना

•

आल्डर लेक
१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

चर्चमध्ये तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. बरोबर केलंस. पण त्या दिवसाचं तुला दुसऱ्या कोणाकडून कळावं असं वाटत नाही.

कर्टिस शुक्रवारी माझ्याकडे आला होता, खोपटं काढ म्हणाला. मी हात जोडले, म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ दे. शनिवारी सकाळी सगळे बर्फातल्या भोकांपाशी बसलेले, पाहुणे, शाळेची पोरं, बँड. दहाच्या सुमाराला बर्फ लांबून कण्हला. लोक उठले, त्यांनी लाल खोपट्याकडे पाहिलं, आणि परत बसले. मी कर्ण्यावरून विजेत्यांची बक्षिसं सांगत होतो. पाहुण्यांना वाटलं, हे नेहमीचंच.

तेवढ्यात कर्टिसने ट्रक नेला, खोपट्याला साखळी लावली आणि ओढायला लागला. ताई, कोणी ओरडलं नाही. गावातल्या लोकांनी फक्त पाहिलं की खोपटं चाललंय. त्यांनी गळ टाकले, पोरांना उचललं, पाहुण्यांचे हात धरले आणि पायी काठाला लागले. सगळे आले. ट्रक काठापासून हाकेच्या अंतरावर होता, तेव्हा त्याच्याखालचा बर्फ फुटला आणि कर्टिस ट्रकसकट खाली गेला.

मी कर्णा हातात घेऊन उभा होतो. मी धावलो असं लोक सांगतात, ते खोटं आहे.

काल राज्याकडून फोन आला. एवढी गर्दी शिस्तीने बाहेर काढली म्हणून गावाचं कौतुक केलं, आणि पुढच्या वर्षीच्या निधीसाठी अर्ज करा म्हणाले. समितीने एकमताने होकार दिला. अर्जावर सही माझी हवी आहे. मोटेलवाल्याने आत्तापासून खोल्या अडवल्यात.

नाही म्हणायचं धैर्य मला होईलसं वाटत नाही. लोभ ठेव म्हणायचा हक्क मला उरला नाही.

डेल