होटगीजवळचं मलेशिया

१८ सप्टेंबर १९७७, सकाळी ६.१०
कॉलेज सोडून महिना झाला. पश्चात्ताप नाही. बॉटनीच्या सरांनी भर प्रॅक्टिकलला माझ्या हातातलं पान काढून घेतलं आणि एवढं ओळखता येत नाही का म्हणून हसले. मित्रही हसले. त्याच पावली गावाकडे आलो. असल्या विश्वासघातक्यांच्या डिग्रीवर थुंकतो. आता शेतात क्रांती.
वच्छला त्यांच्या तेलाच्या घाण्याच्या दारात पेंड वाळत घालत होती. मला बघून पदर सारखा केला. यातच सगळं आलं.

२२ सप्टेंबर, सकाळी ७
ठरलं. ऑइल पाम!
होटगी जंक्शनवर सफारी सूटवाले एक साहेब भेटले. मलेशियाशी डायरेक्ट कॉन्टॅक्ट. म्हणाले, करडईच्या एकरात निघतं त्याच्या दसपट तेल पामच्या एकरात. झाड एकदा लावलं की आयुष्यभर तोडत बसा. विहिरीकडच्या तुकड्यात यंदा करडई बंद.
वच्छलाचे वडील गुरुसिद्धप्पाकाका अजून बैल जुंपून घाणा फिरवतात. गावाची वर्षाची करडई तिथंच गाळली जाते. माझं तेल निघालं की त्यांना इंजिन बसवून देणार. मग नाही कसे म्हणतील? ते लिंगायत, आम्ही मराठे, हा प्रश्न दसपट तेलापुढे टिकत नाही.

२५ सप्टेंबर, वेळ अंदाजे दुपार
रोपं आली. गुडघाभर, एकदम फॉरेन लुक. बदल्यात साहेबांना घड्याळ दिलं. आप्पांनी कॉलेजला जाताना घेऊन दिलेलं. आता कॉलेज नाही तर टाइम कशाला?
आईनं एका रोपाला हात लावला आणि म्हणाली, आरं, ही तर वड्याकडंची, कुंच्याची शिंदी दिसतीया की! अडाणीपणाला काही सीमा? इतका ओरडलो की शेजारच्या रानातून हुसेनसाब पळत आले, साप निघाला काय म्हणून. त्यांनी रोपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, लई ब्येस हाय. निदान एक माणूस तरी समजूतदार निघाला. आप्पा खड्डे खणत राहिले.

१६ ऑक्टोबर, ऊन वर आल्यावर
गावात करडईची पेरणी चालू. चालू दे.
पामला पाणी रोज लागतं. विहीर आमची आणि हुसेनसाबांची सामाईक, पाळ्या ठरलेल्या. त्यांच्या पाळीतलं थोडं पाणी वळवलं. ते आले. कांद्यानं माना टाकल्या की बाबा, म्हणाले. मलेशियात वर्षाला किती पाऊस पडतो ते त्यांना समजावून सांगितलं. तर म्हणतात, मग तितनंच पानी आन की. डोकं फिरलं. काय बोललो ते इथे लिहीत नाही. दोन्ही घरांचं बोलणं बंद. समजूतदार वगैरे काही नाहीत.

३० नोव्हेंबर
साहेबांना भेटायला होटगीला गेलो. रोपं जागची हलत नाहीत, जरा सल्ला हवा होता. चहावाला म्हणाला, कोण साहेब? घड्याळाचं वर्णन केल्यावर म्हणाला, त्यो व्हय, त्यो गेला की कवाच. बहुतेक मलेशियाला बोलावलं असावं.
वाढ थांबल्यासारखी वाटते, पण आत रूट सिस्टीम डेव्हलप होत असणार. वच्छलाच्या बाबतीतही तसंच आहे. वरून काही दिसत नाही.

२० डिसेंबर
ऐतिहासिक दिवस. रेशनला पामोलिन आलं! सातासमुद्रापलीकडून! रांगेत सगळ्यांना सांगितलं की हेच तेल आपल्या विहिरीकडे उगवणार आहे. दुकानदार मल्लप्पानं माप टाकता टाकता अगदी लक्ष देऊन ऐकलं. होतकरू माणूस.
आईनं ते तेल भाजीला न घेता देवापुढच्या दिव्यात घातलं. म्हणाली, देवाला चालतंय का बघू आधी.

१४ जानेवारी १९७८, संक्रांत, सकाळ, कडाक्याची थंडी
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागानं.
तिळगूळ सगळेच देतात. वच्छलाला काही वेगळं द्यावं म्हणून पामोलिनची बाटली स्वच्छ धुवून, भरून, लाल रिबन बांधून रात्रभर खिडकीत ठेवली. सकाळी घेऊन गेलो. बाटली मी दारातच काकांच्या हातात दिली. त्यांनी उलटी केली. काही हललं नाही. आत सगळं पांढरं, घट्ट. इदेनु, हे काय, म्हणाले. मग वास घेतला. मग ओरडले, शिवशिवा, सणाच्या दिवशी चरबी आणलास घरात! मी सांगत होतो की थंडीनं गोठतं, सायन्स आहे. बाटली उकिरड्यावर. काकूंनी उंबरा पाण्यानं धुतला, मी उभा असतानाच. पाय भिजले.
वच्छला पाठोपाठ दारापर्यंत आली. म्हणाली, तेल्याच्या घरी तेलाची बाटली घिऊन येनारा तू पयलाच रं रामहरी. तुज्या त्या रेशनच्या तेलापायी निम्मं गिऱ्हाईक तुटलं. बाबांनी बैल इकायला काढलाय.
सणाला घरी जमलेल्या एवढ्या बायका सोडून माझ्यापाशी येऊन घरातलं सांगितलं. माणूस हे कुणाला सांगतं?
शिवाय बैल गेला म्हणजे इंजिनाला जागा झाली.

२६ फेब्रुवारी, सकाळ
करडईची काढणी. उन्हं चढली की काटे ताठ होतात, म्हणून दव आहे तोवर सगळा गाव रानात. हाताला चिंध्या गुंडाळून. आमच्या तुकड्यात काढण्यासारखं काही नाही, म्हणून आप्पा गेले. कुठे? हुसेनसाबांची करडई काढायला! ज्या माणसाशी मुलाचं बोलणं बंद, त्याच्या बांधावर बसून न्याहारी! याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं?
वच्छलाही तिथंच होती. माझी बादली बघून लांबूनच म्हणाली, रामहरी, तुजं तेल कवा निघायचं रं? सगळे हसले. हसू देत. तिनं विचारलं तर खरं.

९ एप्रिल
संपलं.
वच्छलाचं ठरलं. मल्लप्पाशी. पामोलिनवाल्याशी! गावात पामचं नाव मी काढलं, पाणी मी घातलं, आणि मुलगी माप टाकणाऱ्याला. घाण्यावर गेलो तर बैल नव्हता. इंजिनही नव्हतं. काका घाण्याच्या नुसत्या लाकडी खोडावर हात ठेवून बसले होते. भांडायला गेलो होतो. तसाच परतलो.
घरी येऊन रोपं उपटायला घेतली. आप्पांनी हात धरला. म्हणाले, राहू दे, शिंदी चिवट अस्ती, वाळत न्हाय. मी म्हटलं, काय? म्हणाले, शिंदी हाय ती. पयल्या दिशीच वळकली आमी. हुसेनसाबनं बी.
सगळ्यांना माहीत होतं. आईला, बापाला, शेजाऱ्याला. कदाचित वच्छलालासुद्धा. एवढे महिने मी बादल्या वाहिल्या आणि हे बघत राहिले. विचारलं, मग बोलला का नाहीत? आप्पांनी पायानं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाले, बोललो असतो तर कॉलेज सोडलंस तसं घर बी सोडून गेला असतास. पानी घालतूस तवर हितं हायस, म्हनलं.
इतका मोठा विश्वासघात जगात कुणाचा झाला नसेल.
जेवलो नाही. नंतर जेवलो.

२१ मे, दुपार
घरात तेलाचा थेंब नाही. यंदा गाळायला करडईच नव्हती. आईनं डबा हातात दिला. ठरवून गेलो की मल्लप्पाला भर रांगेत दोन शब्द सुनवायचे. वाक्यं पाठ केली होती.
मल्लप्पा नव्हता. माप टाकायला गुरुसिद्धप्पाकाका बसले होते. जावयाच्या दुकानात. माझा डबा घेतला, तेल ओतलं आणि सवयीनं नाकाशी नेऊन वास घेतला. पामोलिनला वास नसतो. तरी पुन्हा एकदा घेतला. मग झाकण लावलं.
वाक्यं आठवेनात.
काकांनी कोपऱ्यातला छोटा कुंचा उचलला आणि खाली सांडलेला गहू झाडून घेतला. म्हणाले, तुझ्या आईनं वच्छलाच्या लग्नात दिला हा. तुमच्या रानातल्या शिंदीचा. छान झाडतो. आणखी एक करून द्यायला सांग तिला.
सांगतो म्हणालो.