बोट ठेवायची जागा

करंजाडे,
१२ जानेवारी २०२६, सोमवार

दादा,

नमस्कार घे. तुझ्या बेटावर आत्ता उन्हाळा की हिवाळा हे मला अजून पाठ होत नाही, तेव्हा जे असेल त्यात तब्येत सांभाळ. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन लावला की बाबा स्पीकर लावायला सांगतात आणि शेजारीच बसतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. वाचून झाल्यावर लगेच फोन करू नकोस.

आईचा गुडघा कुरकुरतो. लिफ्टवर विश्वास नाही म्हणून जिने चढते आणि वर आल्यावर लिफ्टलाच शिव्या घालते. पोरगा दगडांची वयं काढत बसलाय आणि स्वतःच्या लग्नाचं वय टळत चाललंय, हे तिचं म्हणणं आहे, मी फक्त कळवते. माझं ऐरोलीचं ऑफिस नेहमीसारखंच. विमानं सुरू झाल्यापासून आम्ही घरात ओरडूनच बोलतो. आपलं गाव, आपला डोंगर होता तिथूनच ती उठतात.

तू केलेला बेटावरच्या लाव्हाच्या थरांचा नकाशा आला. बाबांनी हॉलमधलं कॅलेंडर काढायला लावून तिथे तो लावून घेतला. आपल्या गावची जेवढी घरं इकडे आली, त्या सगळ्यांना बोलावून दाखवून झाला. "माज्या पोरानं समुद्रातल्या बेटावर चिंबोरपाडा लिवलाय," असं सांगतात. लोक चहा पिऊन, मान डोलवून जातात. इंग्रजी अक्षरं कोण वाचत बसतंय.

मी वाचली, दादा. कुरियरवाला गेल्या गेल्या, बाबा आंघोळीला होते तेव्हा. एकेक रंग, एकेक नाव. आपल्या गावाचं कुठेच नाही.

तुझा नियम मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला आलास तेव्हा तूच जेवताना समजावलं होतंस. लाव्हाच्या थराला नाव द्यायचं ते तिथल्याच जागेचं, एखाद्या खाडीचं, कड्याचं, वस्तीचं. माणसाचं नाही, लांबच्या गावाचं तर नाहीच. उद्या कुणालाही त्या जागी जाऊन तो थर बघता आला पाहिजे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपला डोंगर ज्या आगीतशी झाला, तीच आग त्या बेटाखाली हाय, असा तूच बोल्लास ना?" तू हो म्हणालास. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन त्या आगीवर होती, मग सरकत इकडे आली, असंही सांगितलंस. "मंग तो आपलाच हाय. आपल्या गावाचा नाव लाव."

तू हसलास. पण प्रत्येक फोनला त्यांचं तेच. शेवटी एका रविवारी तू म्हणालास, "हो बाबा, लावलं." मी स्वयंपाकघरात होते. तुझ्या आवाजावरूनच मला कळलं होतं.

मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. तू फोन ठेवलास आणि कामाला गेलास. घरात मी होते.

आता जे लिहायचं टाळत होते ते. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा मी बाबांचे डोळे बरे आहेत म्हणाले. बरे नाहीत. साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्ला. आता खिडकीतला उजेड कळतो, माणूस आवाजाने ओळखतात. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, तू कामं टाकून येशील म्हणून. मला तर वाटत होतं, टाकून यावंस.

तर नकाशा भिंतीवर लागला आणि त्यांनी हात पुढे केला. "माजा बोट ठेव चिंबोरपाड्यावर." मी काय करणार होते? एका लाल पट्ट्यावर ठेवलं. "किती वर्षांचा?" बाजूला छापलेला आकडा वाचला, तीन लाख वर्षं. "तान्हाच हाय अजून," म्हणाले, आणि त्यावरून हात फिरवत राहिले. आपला डोंगर सुरुंगाने उडत होता तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून रोज आंघोळ झाली की देवाला नमस्कार, मग नकाशा. मी बोट धरायचं आणि ठेवायचं. गेल्या आठवड्यात ऑफिसची बस चुकत होती, घाईत भलतीकडेच ठेवलं. ते थांबले. "काल तं वर व्हता," म्हणाले. मी काहीतरी पुटपुटले, त्यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे चहा मागितला.

त्याच संध्याकाळी बाबा आणि मी गॅलरीत बसलो होतो. वरून विमान गेलं. मग म्हणाले, "त्यानं नाय लिवला ना?"

मी दोरीवरचे कपडे काढायला उठले.

"त्याचा बी बरोबर हाय. जागा बघाया जाता आला पायजे. आपल्या गावाला कोन जानार आता? धावपट्टीवर कोन उभा करील?" पुढे म्हणाले, "पोरास सांगू नको मना समजला म्हनून. त्याचा जीव लहान हाय. आन् तू रोज बोट ठेव. तुजी आय बगतं, तिला बरा वाटतं."

म्हणून रोज चाललंय. आई देव्हाऱ्याजवळून बघत असते, बाबा बोट ठेवून मोठ्याने "चिंबोरपाडा" म्हणतात, आणि मी त्यांचा हात धरून उभी असते. मला आता हे एकटीने होत नाही, दादा.

त्यांनी सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं. तू एप्रिलमध्ये जत्रेला येणार म्हणतोस. इतका थांबू नकोस, खिडकीतला उजेडसुद्धा कमी होतोय. आलास की माफी मागू नकोस, नियमही समजावू नकोस. सकाळी त्यांचं बोट तू धर. नकाशावर वाटेल तिथे ठेव.

फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच ठेवायला थांब.

तुझी,
भाविका
मुक्काम चिंबोरपाडा