चार नंबरला विसावा

२७ सप्टें., शनि.
स्कॅन सेंटरातल्या सहा डिस्कांच्या डब्यातली दोन नंबर मेली. नवी घातली. आता उरलेल्या पाच मिळून तिच्यात मेलेलीचा माल भरतायत. भरणी संपायच्या आत आणखी एक गेली, तर अख्ख्या उमरग्याची जुनी चित्रं गेली. आणि चार नंबर खोकतेय. दुसरी प्रत? ती ठेवायचं मशीन मॅनेजर बसवराजअण्णांच्या घरी सिनेमे दाखवतं. मालकांचे मेहुणे. असो.

२९, सोम.
भरणी दिवसा सावकाश, सेंटर मिटल्यावर जोरात, असं लावलं होतं. मी जेवायला गेलो, अण्णांनी भरदुपारी फुल्ल जोरात सोडली. भरणी धावली, चित्रं थिजली. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर मॅडम पडद्यापुढं हात बांधून बसलेल्या.
"लई सुस्त चालवता वो तुमी."
"अण्णा, पेशंट खोळंबलेत."
"पेशंटला बसायची सवय असतीया."
पुन्हा हळू केली. या माणसाच्या हाती सलाईन दिलं तर बादलीनं ओतेल.

३०, मंगळ.
एकसष्ट टक्के. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी लोहाऱ्याच्या शेवंताबाई येतायत. गाठ वाढली का, ते गेल्या वर्षीच्या स्कॅनशी ताडून बघायचं, मग ऑपरेशनचं ठरेल. "तो आहे ना?" आहे म्हणालो.
उद्या घरी होम, तामलवाडीला. अण्णांना हात जोडून सांगितलं, डब्याला हात लावू नका.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
संध्याकाळी परतलो. डबा गार. वर हळदकुंकू, पुढं नारळ, झेंडूची माळ नेमकी वाऱ्याच्या जाळीवर.
"बंद केलंत?"
"हत्याराला एक दिस तरी विसावा नको व्हय? हात न्हाई लावला, बटन दाबलं फकस्त."
वर्षानुवर्षं फिरलेली डिस्क थांबवली की परत उठेलच असं नसतं, हे सांगितलं. पेढा दिला मला.
चार नंबर तिसऱ्या खेपेला उठली. भरणी शून्यापासून. पेढा चांगला होता, त्याचाही राग आला.

३, शुक्र.
तेहतीस टक्के. चार नंबरचा दिवा नारिंगी. शेवंताबाई पहिल्या जीपनं हजर. आपट्याचं पान हातात ठेवलं. "सोनं घ्या, साहेब. माजा फोटू हाय न्हवं मशिनीत?"
भरणी पार थांबवली. आधी बाईंचा गेल्या वर्षीचा स्कॅन बाहेर काढायचा, मग बाकीचं गाव.
अण्णा दारातून, "आता का बंद?" विसावा, म्हटलं.
स्कॅनचा एकेक काप उघडतोय. मॅडम म्हणतात, गाठ बाविसाव्यात.
चौदा आला. चार नंबर कटकट वाजतेय.
पंधरा